दोन जामीनदार पाहिजेत

सोमवार, ४ मार्च. दुपारी ४.१०

जामीन मंजूर. होणारच होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोपींच्या पिंजऱ्याकडे एकदाच मान वळवून पाहिलं, तेही माझ्याकडे. मुरलेल्या माणसाला माणूस लगेच ओळखता येतो.

ही वही जेलच्या कॅन्टीनमधून घेतली. शंभर पानी. मुक्काम फार तर दोन दिवसांचा, म्हणजे अठ्ठ्याण्णव पानं फुकट जाणार. असो. बावीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून काढली, रोजची नोंद ठेवायची सवय जात नाही.

केस थोडक्यात. आमच्या टूर कंपनीने परतीच्या प्रवासात प्रत्येक प्रवाशाला एक ट्रॉली बॅग भेट दिली. सव्वीस प्रवासी, सव्वीस बॅगा. बॅग ओढायच्या दांड्यांमध्ये सोनं निघालं. आरोपी तीन. पहिले आमचे शेठ, कंपनीचे मालक. दुसरा बॅगवाला, ज्याने तिकडे बॅगा आणून दिल्या. तिसरा मी, ज्याने त्या फक्त वाटल्या. वाटणं हा गुन्हा असेल तर सगळे पोस्टमन आधी आत हवेत.

अटी: पासपोर्ट जमा. दर सोमवारी कस्टमच्या ऑफिसात हजेरी. आणि दोन जामीनदार. याच शहरातले, स्वतःच्या नावावर घर असलेले, जे लिहून देतील की हा माणूस प्रत्येक तारखेला कोर्टात उभा राहील. मी वकीलबाईंना विचारलं, दोनच? त्या म्हणाल्या, दोन पुरे. तरुण आहेत, हुशार आहेत, पण बोलणं अगदी मोजकं. मी म्हटलं, दोनच निवडले तर बाकीचे रुसतील हो.

कार्यक्रम: मंगळवारी सकाळी जामीनदार कोर्टात, संध्याकाळी सुटका. बुधवारी दाढी, आराम. गुरुवारी ऑफिस.

संध्याकाळी ६.३०

शेठ सुटले. बॅगवालाही सुटला. त्यांचे जामीनदार म्हणे दुपारपासूनच कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत बसले होते. घराचे कागद, फोटो, झेरॉक्स, सगळं फायलीत लावून तयार. याला म्हणतात प्लॅनिंग. शेठना ही शिस्त मीच लावली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझं मी बघतो. माझे डोळे भरून आले. त्यांना घाई होती.

मंगळवार, ५ मार्च

कोणी आलं नाही. निरोप पोचायला वेळ लागतो.

बराक नंबर चार. जागा वीस जणांची, आम्ही एकसष्ट. माझ्या वाट्याला भिंतीकडच्या अडीच फरशा आल्या आहेत. कूस बदलायची तर शेजाऱ्याला आधी कळवावं लागतं. खिडकी आहे, पण इतकी वर की उजेड येतो आणि बाहेरचं काही दिसत नाही. व्ह्यू शून्य.

दिवसातून तीनदा मोजणी. इथला शिपाई बोट दाखवून मोजतो. ग्रुपला बोटाने मोजू नये, नजरेने मोजावं, माणसं दुखावली जातात. त्याला तसं सुचवलं. त्याने मला परत मोजलं.

गुरुवार, ७ मार्च

वकीलबाई आल्या होत्या. आरोपींनी एकमेकांशी संपर्क ठेवायचा नाही अशी जामिनाची एक अट आहे म्हणे. त्यामुळे शेठ मला भेटू शकत नाहीत, फोन करू शकत नाहीत, कोणाला पाठवूही शकत नाहीत. शेठच्या वकिलांनी ही अट बाईंना दोनदा वाचून दाखवली. कायदा इतका काटेकोर पाळणारा मालक शोधून सापडणार नाही. उगाच नाही मी त्यांच्याकडे बावीस वर्षं काढली.

तेव्हा आता माझी माणसं. माझी माणसं म्हणजे प्रवासी. प्रत्येक टूरच्या शेवटच्या दिवशी मी अभिप्रायाची वही फिरवतो आणि ती मला जवळजवळ पाठ आहे. 'कधीही हाक मारा', 'आपलंच घर समजा', 'तुम्ही आमच्या कुटुंबातले', असं ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि जे याच शहरातले आहेत, असे सतरा जण निवडले. बाईंना नावं, पत्ते, कोणाला खिडकीजवळची सीट लागते, सगळं सांगितलं. बाईंनी फक्त नावं लिहून घेतली.

मी त्यांना बजावलं, सतराच्या सतरा एकदम येऊ देऊ नका, कोर्टात गर्दी होईल.

सोमवार, ११ मार्च

बाईंनी सतराही फोन केले. अहवाल असा:

दाताचे डॉक्टर म्हणाले, घर बायकोच्या नावावर आहे. त्यांची बायको, तीही दाताची डॉक्टर आणि माझ्या यादीत वेगळी, म्हणाली, घर नवऱ्याच्या नावावर आहे. दोघांनी एकदा बसून काय ते ठरवायला हवं.

बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, आयुष्यभर लोकांना सांगत आलो की कोणाला जामीन राहू नका, आता या वयात कसं मोडू. तत्त्वाचा माणूस. मला आवडलं.

ज्यांनी 'आपलंच घर समजा' लिहिलं होतं, ते भाड्याच्या घरात राहतात.

बोटीवर माझ्याबरोबर नाचलेले गृहस्थ म्हणाले, कोण बोलतंय? कुठली बोट?

अकरा जणांनी फोन उचलला नाही. टूरवर गेले असणार. दुसऱ्या कोणाबरोबर तरी. परत येतील तेव्हा त्यांना फरक कळेल.

उरल्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. 'तुम्ही मला मुलासारखे' असं त्यांनी लिहिलं होतं, तेही हिरव्या शाईने. त्या या शेवटच्या टूरमध्येही होत्या. बाईंना म्हणाल्या, मला त्यांना भेटायचंच आहे.

एक जामीनदार पक्का. आता दुसरा.

बुधवार, १३ मार्च

बाईंनी आज कस्टमचा पंचनामा वाचून दाखवला. विमानतळावर ग्रीन चॅनलमध्ये, म्हणजे दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या रांगेत, एका साहेबाने एक बॅग बाजूला घेतली. मागे चोवीस तास प्रवास केलेली सव्वीस माणसं. कोणाचे पाय सुजलेले, कोणाला बाथरूमला जायचंय. अशा वेळी टूर मॅनेजरने काय करायचं असतं? पुढे व्हायचं असतं. मी पुढे झालो आणि नेहमी म्हणतो ते म्हणालो: "साहेब, ही सगळी मंडळी माझी आहेत. सगळ्या बॅगा माझ्या जबाबदारीवर."

बावीस वर्षं हे वाक्य चाललं. त्या दिवशी त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. त्या एका वाक्यावर सव्वीसही प्रवासी त्याच दिवशी घरी गेले. म्हणजे मी एकट्याने सव्वीस जणांची सुटका केली. बाई म्हणाल्या, हो, तसंही म्हणता येईल.

मग त्यांनी विचारलं, बॅगा जड लागल्या नाहीत का? मी खरं ते सांगितलं. लागल्या. अशा बॅगा वाटल्या त्या पहिल्याच टूरला मी बॅगवाल्याला थट्टेत म्हटलं होतं, काय रे, दांडे सोन्याचे केलेस काय? तो इतका हसला, इतका हसला की मलाही हसू आवरेना. पुढच्या तीन टूर्सना मी हा विनोद केला नाही.

बाईंनी विचारलं, का नाही केला? मी म्हटलं, एकच विनोद किती वेळा करायचा. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, हे कोर्टात सांगू नका.

मला काहीही माहीत नव्हतं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मी विचारलं नाही कारण शेठनी सांगितलं होतं, विचारू नकोस. दिलेला शब्द मी पाळतो. आणि पुढच्या वर्षी मला डायरेक्टर करायचं आधीच ठरलं होतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

शुक्रवार, १५ मार्च

मुख्याध्यापिका आल्या. एवढ्या उन्हातून, छत्री घेऊन, रांगेत उभं राहून. जाळीच्या पलीकडे बसल्या. मी म्हटलं, तुम्ही याल याची खात्री होती.

त्या म्हणाल्या, बॅगेबद्दल आले.

त्यांची बॅग कस्टमने ठेवून घेतली आहे. आत त्यांचा वाचायचा चष्मा, दोन स्वेटर, आणि बहिणीसाठी घेतलेली चिनी मातीची बरणी. दांडा कस्टमचा, पण आतलं सामान माझं, असं त्यांचं म्हणणं. कस्टमवाले म्हणतात, सगळ्या बॅगा माझ्या जबाबदारीवर असं तुमचे मॅनेजर लिहून देऊन बसलेत, तर त्यांचंच पत्र आणा. त्यांनी पत्र घरूनच लिहून आणलं होतं, हिरव्या शाईत. मी सही केली. शिपायाने पत्र तपासून पलीकडे दिलं. त्यांनी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं.

मग मी जामीनदारकीचं काढलं. त्यांनी पर्स बंद केली. म्हणाल्या, विमानतळावर मला आठ तास एका खोलीत बसवलं होतं. मुलीच्या वयाच्या एका बाईने माझ्या चपला काढून तपासल्या. मी शाळेत छत्तीस वर्षं मुलांची दप्तरं तपासली, माझं कोणी कधी तपासलं नव्हतं.

एवढं बोलून उठल्या. जाताना म्हणाल्या, जपा.

त्यांना धक्का बसलाय. साहजिक आहे. जरा वेळ द्यायला हवा.

मंगळवार, १९ मार्च

शेजारच्या अडीच फरशांवर नवा माणूस आला. सगळे त्याला सायकल म्हणतात. सायकली चोरतो. लाजत नाही, लपवत नाही, चौथ्यांदा आत येतोय. मला गाईड म्हणतो. मी सांगितलं, गाईड वेगळा, टूर मॅनेजर वेगळा. गाईड एका ठिकाणची माहिती सांगतो, टूर मॅनेजर सगळ्यांना नेतो आणि परत आणतो. तो म्हणाला, मग तुम्ही का नाही परत गेलात?

त्याला माझी केस सांगितली. जामीन होऊन पंधरा दिवस झाले हे ऐकून त्याने दोन बोटं नाचवली. म्हणाला, दोन माणसं? फक्त दोन माणसांसाठी बसलात?

अशिक्षित माणूस. त्याला या गोष्टींतली गुंतागुंत कळायची नाही.

गुरुवार, २१ मार्च

सायकलचा जामीन झाला. दोन जामीनदार पाहिजे होते, सहा आले. त्याची सगळी गल्लीच कोर्टात लोटली होती. मावशी, इस्त्रीवाला, केस कापणारा, आणि एक तर असा की ज्याची सायकल त्याने गेल्या वर्षी चोरली होती. सायकलला विचारलं तर म्हणे, परत आणून दिली होती हो, आणि ब्रेकही नीट करून दिले होते.

मला एकदम सुचलं. सहातले चार शिल्लक. मला दोनच हवेत. ही माणसं कोर्टात आलेलीच आहेत, कागद बरोबर आहेत, नुसतं नाव बदलायचं. सायकल सुटकेच्या कागदांसाठी थांबला होता, त्याला सांगितलं. पोरगा मनाने चांगला, जेलच्या दारात आलेल्या मावशीला त्याने खरंच विचारलं. मावशीने विचारलं, काय केलंय त्याने? हा म्हणाला, सोनं. मावशी म्हणाली, ज्याच्याकडे सोनं आहे त्याला आपण कशाला लागतोय? त्याची मोठी मोठी माणसं असतील की.

बरोबर आहे तिचं. असतात माझ्यासारख्याची.

सायकल जाताना आपली चादर मला देऊन गेला. आता माझ्याकडे पाच फरशा आहेत. झोप मात्र येत नाही. पाय लांब करता येतात आणि लांब केलेल्या पायांचं काय करायचं कळत नाही.

सोमवार, २५ मार्च

तीन आठवडे झाले. कोर्टाच्या कागदावर मी तीन आठवडे मोकळा आहे. आज कस्टमच्या ऑफिसात माझी हजेरी होती, तीही चुकली. हजेरी लावायला मोकळं असावं लागतं आणि मोकळं व्हायला जामीनदार. शिपायाला हे समजावून सांगत होतो. तो म्हणाला, मोजणीला उभे राहा.

आता मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्याचं दुकान, स्वतःचं घर. त्याला यादीत घेतलं नव्हतं, कारण आमचं थोडं ताणलेलं आहे. नऊ वर्षांपूर्वी लग्नानंतर तो आणि त्याची बायको माझ्याच ग्रुपमध्ये फिरायला आले होते. एका सकाळी दोघं बसला चार मिनिटं उशिरा आले. मी बस सोडली होती. शिस्त म्हणजे शिस्त, त्यात नातं आणायचं नसतं. दोघं दिवसभर त्या गावात अडकले, भाषा येईना, पैसे बसमधल्या बॅगेत. रात्री हॉटेलवर आले तेव्हा मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून स्वागत केलं होतं. विनोदाने घ्यायला हवं होतं.

बाईंकरवी निरोप पाठवला की तुझं जुनं सगळं माफ.

गुरुवार, २८ मार्च

मेहुण्याचा निरोप आला: ताईला विचारून सांगतो.

याचा अर्थ होच. बहीण काय नाही म्हणणार आहे?

मंगळवार, २ एप्रिल

मेहुण्याचा दुसरा निरोप आला: ताईला विचारलं. तिचं घर तिच्या नावावर आहे, तिलाच का विचारत नाही?

यावर लिहिलं पाहिजे. आम्ही राहतो ते घर बायकोला तिच्या वडिलांनी दिलेलं. तिच्या नावावर आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही तिला विचारलं नाही, कारण घरच्या बाईला कोर्टाची पायरी चढायला लावणं मला पटत नाही. तिला जपायचं म्हणून गप्प राहिलो. दुसरं काही कारण नाही. ती नाही म्हणेल अशी भीती वगैरे अजिबात नाही.

ती दर शनिवारी येते. धुतलेले कपडे जेलच्या दाराजवळच्या खिडकीवर ठेवते, मळके घेते आणि जाते. भेटीच्या रांगेत उभी राहत नाही. गर्दी असते म्हणून.

शुक्रवार, ५ एप्रिल

ठरवलं. तिला परवानगी द्यायची. उद्या खिडकीवरच्या शिपायाला सांगून ठेवलंय की कपडे घेऊन बाई आली की म्हणावं, साहेबांना भेटायचंय. कोण साहेब, असं त्याने विचारलं.

काय बोलायचं त्याची तयारी केली. आधी तब्येत. मग घरचं. मग हळूच विषय. उशीर नको, भेट वीसच मिनिटांची असते.

शनिवार, ६ एप्रिल. दुपारी १.००

आली होती. केस बांधलेले, हातात कपड्यांची पिशवी. जाळीतून चेहरा नीट दिसत नव्हता. मी तब्येत विचारली. बरी आहे म्हणाली. घरचं विचारलं. नळ गळतोय म्हणाली. मग मी म्हटलं, तुला एक परवानगी द्यायची आहे.

कसली, म्हणाली.

मी सांगितलं. दोन सह्या, एक फोटो, घराचे कागद, अर्ध्या दिवसाचं काम. एक तू, एक तुझा भाऊ, की झालं. फक्त लिहून द्यायचं की मी प्रत्येक तारखेला हजर राहीन.

ती बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत होती. मग म्हणाली:

"बावीस वर्षांत तुम्ही घरी कधी येणार हे मला एकदाही नक्की सांगता आलं नाही. कोणी विचारलं तर येतील एवढंच म्हणायचे. आता कोर्टात शपथेवर तारीख कशी सांगू?"

मी म्हटलं, अगं, विमानं उशिरा सुटतात, व्हिसाची भानगड होते, तो माझा दोष आहे का?

"बाबा गेले तेव्हा उद्या पोचतो म्हणाला होतात. आठ दिवसांनी आलात."

चाळीस जणांचा ग्रुप होता. मध्येच सोडून येता येत नव्हतं. बदली मॅनेजर मिळत होता खरा, पण त्याला त्या भागाची माहिती नव्हती. त्या टूरचे अभिप्राय फार सुंदर आले होते. हे मी तिला सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला जमलं असतं, रागावलेल्या माणसाला कसं सांभाळायचं ते मला येतं. ती म्हणाली, मी खोटं लिहून देणार नाही. माझं घर जाईल म्हणून नाही. मला खरंच माहीत नाही तुम्ही याल की नाही.

मग विचारलं, स्वेटर लागतो का, पहाटे गार असतं का. मी म्हटलं, लागतो. अजून सात मिनिटं शिल्लक होती.

मंगळवार, ९ एप्रिल

मोजणी. चहा. मोजणी. मोजणी.

बुधवार, १० एप्रिल

आज बराकीचं दार दिवसभर बंद होतं, कुठेतरी भांडण झालं म्हणून. एकसष्टचे आता चौसष्ट झालेत. माझ्या पुन्हा अडीच फरशा. दारापर्यंत चालत जायचं तर अकरा माणसं ओलांडावी लागतात आणि गेल्यावर दारच असतं. तरी चार वेळा जाऊन आलो.

मला मोकळं करणारा कोर्टाचा कागद पाच आठवडे माझ्याकडे आहे. मला इथे सरकारने ठेवलेलं नाही. कस्टमनेही नाही. हे लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

गुरुवार, ११ एप्रिल

वकीलबाई आल्या. जामीनदारांची अट काढून टाकावी, नुसत्या स्वतःच्या हमीवर सोडावं, असा अर्ज तयार केलाय. वाचून दाखवला. 'आरोपीने सतरा परिचितांना, मालकाला, मेहुण्याला व पत्नीला विनंती केली. कोणीही जामीन राहण्यास तयार नाही. आरोपीसाठी उभं राहणारं जगात कोणीही नाही. सबब तो पळून गेल्यास त्याला लपवणारंही कोणी नाही.'

मी चिडलो. म्हटलं, हे काय लिहिलंय? चारचौघांत माझी काही इज्जत आहे. 'सध्या उपलब्ध नाहीत' असं लिहा. 'कामात व्यग्र' लिहा. 'कोणीही' काढा, 'मोजकेच' घाला.

बाई म्हणाल्या, एक नाव सांगा. एकच. मी हा अर्ज आत्ता फाडते.

मी विचार करायला लागलो. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, घाई केली नाही. बरीच नावं आठवली. चेहरेही आठवले, विमानतळाच्या दारात हात हलवणारे. शेवटी मी म्हटलं, राहू दे 'कोणीही'.

तरी एक बदल करून घेतलाच. 'सतरा' च्या आधी 'किमान' घातलं.

रविवार, १४ एप्रिल

उद्या तारीख. दाढी केली. बोलायची वेळ आली तर चार वाक्यं तयार ठेवली आहेत. इंग्रजीतही एक आहे. साहेबांनी अर्ज वाचला की त्यांना वाटणार, हा माणूस तसा दिसत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं होतंच.

सोमवार, १५ एप्रिल. संध्याकाळी ५.४०. जेलचं ऑफिस, बाकावर

अकरा वाजता पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला ओळखलं नाही.

कस्टमच्या वकिलांनी विरोध केला. म्हणाले, हा माणूस अठरा देश फिरलाय, याला पळायला काय लागतं. बाई म्हणाल्या, पासपोर्ट तुमच्याच कपाटात आहे आणि त्या अठराही देशांत याने रात्री हॉटेलातच काढल्या, एकाही घरात नाही. हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी कधीच सांगितलं नव्हतं, पण खरं आहे.

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. एक-दोनदा माझ्याकडे बघितलं. मग सरळ मलाच विचारलं, यात लिहिलंय ते खरं आहे? तुमच्यासाठी उभं राहणारं कोणी नाही?

माझी चार वाक्यं तयार होती. बाईंनी माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. म्हणजे हो म्हणा. मी मागे बघितलं आणि शेवटच्या बाकावर माझी बायको बसलेली दिसली. पिशवी मांडीवर. ती येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नाही म्हटलं तर अर्ज जातो. हो म्हटलं तर तिच्यासमोर.

साहेबांनी पुन्हा विचारलं, आहे का कोणी?

मी म्हटलं, "कोणी नाही, साहेब."

मोठ्याने म्हटलं. माईकची सवय असल्यामुळे माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो. साहेब म्हणाले, ठीक आहे, आणि लिहायला लागले. जामीनदारांची अट रद्द. पुन्हा मागे बघितलं तर बाक रिकामा होता.

मला वाईट वाटलं. इथे उगाच दुसरं काही लिहीत नाही. खूप वाईट वाटलं.

चार वाजता सुटकेचा आदेश इथे ऑफिसात आला. त्याला एक जास्तीचा कागद जोडला होता. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतलेला, तारीख आजची, वेळ साडेबाराची. सुटल्यावर आरोपी कुठे राहणार ते लेखी लागतं म्हणे, आणि ते विचारायचं बाईंच्याही लक्षात राहिलं नव्हतं. वर आमच्या घराचा पत्ता, खाली दोन ओळी. 'आरोपी वरील पत्त्यावर राहू शकतो. तो तारखेला हजर राहील याची हमी मी घेत नाही.' खाली तिची सही.

इथला कारकून वयस्कर आहे, सगळं अक्षर लावून वाचतो. त्याने आदेश वाचला, मग हा कागद वाचला, मग परत आदेश वाचला. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, इकडे साहेबांनी लिहिलंय की आरोपीसाठी उभं राहणारं कोणीही नाही, आणि इकडे हा पत्ता. रजिस्टरमध्ये काय लिहू? ह्या बाई तुमच्या कोण?

म्हटलं, बायको.

"मग साहेबांनी विचारलं तेव्हा कोणी नाही का म्हणालात?"

मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे सुटकेवाल्यांची रांग होती. त्याने नात्याच्या रकान्यात बायको लिहिलं आणि मला सही करायला सांगितलं.